साठ वाक्यं

ऑपरेशनला आठ दिवस उरले असताना त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि साठ वाक्यं कॉम्प्युटरवर बोलून ठेवली. घशातली गाठ वाईट निघाली होती. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं, म्हणजे आवाज कायमचा जाणार. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलेला माणूस, आणि निवृत्तीनंतर छंद तरी कसला, तर हॅम रेडिओचा. रोज सकाळी सात वाजता चार गावांतले चार दोस्त वायरलेसवर जमायचे. घरी मूग गिळून बसणारा हा माणूस माइक हातात आला की थांबता थांबत नसे.

आता आवाज कॉम्प्युटरमध्ये होता. तो रेडिओत न्यायचा कसा, एवढाच प्रश्न होता. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी तेच काम काढलं. कॉम्प्युटरमधून एक वायर निघाली आणि मधल्या डबीतून रेडिओला माइकच्या जागी जाऊन बसली. बायको टेबलाखाली टॉर्च धरून वाकली होती.

"अहो, माझी कंबर मोडली."

त्यांनी पेनाच्या पांढऱ्या पाटीवर लिहिलं, 'दोन मिनिटं.' त्यांची दोन मिनिटं तिला चाळीस वर्षं ठाऊक होती.

कॉम्प्युटरवर प्रत्येक वाक्याला एकेक बटण होतं. सातला त्यांनी पहिलं दाबलं. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. वायर खोचली की कॉम्प्युटरचा स्पीकर बंद पडत होता. तिने विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं, 'बंदच हवा. नाहीतर शिट्टी घुमते.' तेवढ्यात रेडिओतून मास्तर बोलले. दोस्तांमधले ते सगळ्यांत वडील.

"ऐकतोय रे, ऐकतोय. तोच आवाज." त्यांनी आणखी एक बटण दाबलं. "गुडघे विचारतोस होय? आहेत, दोन्ही आहेत अजून."

ती टॉर्च तशीच पेटती धरून उभी राहिली. दोन महिने झाले, तिने नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता. लांबच्या गावी मास्तरांनी तो आत्ता ऐकला, आणि ती हातभर अंतरावर कोरडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वाक्यांची यादी भिंतीला चिकटवलेली होती. धूळ पुसताना तिने ती वाचली. 'सिग्नल छान येतोय.' 'इकडे आज ढगाळ आहे.' 'काय मास्तर, गुडघे काय म्हणतात?' तेविसावं नुसतं हसणं होतं. साठावं, 'बरं मंडळी, येतो.' तिने वरून खाली दोनदा वाचलं.

"माझ्यासाठी एकही नाही?"

त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'तू तर इथेच आहेस.'

ती दोन दिवस रागावून होती. पण समोरून शब्द येत नाही त्या भांडणात जीव तो किती असणार?

तिसऱ्या दिवशी ते पट्टी बदलायला दवाखान्यात गेले. तिने दार आतून नुसतं लोटलं, वायर उपसली आणि एकेक बटण दाबत गेली. खोलीत तो आवाज भरला. हसण्याला ती हसली आणि मग तिला रडू आलं. मास्तरांचे गुडघे, ढग, सिग्नल, सगळं होतं. तिच्या वाट्याचं काही नव्हतं.

कॉम्प्युटरवर त्या बटणांच्या खाली एक मोठी फाइल होती. 'मूळ' एवढंच नाव. साठ वाक्यं कापून घेण्याआधीचं अख्खं रेकॉर्डिंग. तिने ते लावलं आणि खुर्चीत बसून राहिली. खोकला, कागदाची सळसळ, पाण्याचा घोट. एकच वाक्य चार-चारदा. मग मध्येच भांडी वाजली आणि ते वैतागून म्हणाले, "अगं, दार लाव गं. इथपर्यंत आवाज येतोय."

पाठोपाठ तिचाच लांबून आलेला आवाज. "लावते हो." मग स्वयंपाकघराचं दार लागल्याचा आवाज.

तिने ते मागे नेलं. पुन्हा लावलं. पुन्हा. कितव्या खेपेला कोण जाणे, मागे पावलं वाजली. ते दारात उभे होते, औषधांची पिशवी हातात. किती ऐकलं होतं त्यांनी, तिने विचारलं नाही. त्यांचे डोळे वाहत होते. रडायलाही आता आवाज नव्हता.

ते आत आले, दार लावलं, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. माउस घेतला. तेवढंच वाक्य कापलं, वैतागासकट, आणि त्याला एक बटण दिलं. भिंतीवरच्या यादीत साठच्या खाली पेनाने एकसष्ट लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही. काढलेली वायर बाजूला गुंडाळून ठेवली आणि बटणाकडे बोट केलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही दाबा," ती म्हणाली.

त्यांनी दाबलं.

"अगं, दार लाव गं."

दार लागलेलंच होतं. ती उठली, तिने ते उघडलं आणि परत लावलं.

"लावते हो," ती म्हणाली.