शाळेचा उंबरा

“मॅडम, रॅम्प बघा की! कसा लोण्यावानी झालाय!” मुख्याध्यापक अमरसिंह सर म्हणाले.

रॅम्प खरंच देखणा होता. उतार बेताचा, कठडा गुळगुळीत. माझी चाकाची खुर्ची मी स्वतःच ढकलत वर नेली आणि दारात अडकले. दाराला चार बोटं उंच, नवाकोरा उंबरा. वर हळदीकुंकू!

शाळा, बँका, दवाखाने दिव्यांग कायद्याप्रमाणं आहेत का ते बघायचं, चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचं, ही माझी नोकरी. अशी दारं कोल्हापुरात रोज भेटतात. पण ही माझी शाळा. दहावीपर्यंत आईनं मला इथं पाठीवरून आणलेलं. आज तिला मुद्दाम सोबत घेतलं होतं. एकदा तरी तिच्या डोळ्यांदेखत मला माझ्या हातांनी आत जायचं होतं. बास, एवढंच.

“सर, एवढा रॅम्प केला आणि वर उंबरा?”

“उंबऱ्याबिगर दार असतंय व्हय? लक्ष्मी टिकत न्हाय.”

“शाळेत लक्ष्मी कशाला? सरस्वतीचं बघा की जरा!” माझं डोकंच फिरलं.

“रागावू नका. दोघांना बोलावतो, उचलून घेतील आत.”

उचलून! जन्मभर हेच ऐकत आले.

तेवढ्यात आई पुढं झाली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हात मागं केले.

“ये गं, संयू.”

सत्तरीची पाठ ती. कुठूनसा गुऱ्हाळाचा गोड वास आला आणि मी तिच्या मानेवर गाल टेकलेली शाळकरी पोर झाले. खाली वाट डुलत होती, धुक्यात उसाचे तुरे हलत होते, आई गुणगुणत होती आणि शाळा काही केल्या जवळ येत नव्हती. येऊच नये, असं वाटत होतं.

मला रडू फुटलं. “न्हाय आई. आज न्हाय.”

सर आईकडं बघतच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गवंड्याला हाक मारली.

“केरबा, छिन्नी आण. काढ ह्यो.”

ऊन कलेपर्यंत जमीन सपाट झाली. मी खुर्ची ढकलली ती थेट फळ्यापर्यंत गेले. वळून बघितलं, तर आई अजून दारातच.

“ये की आत!”

“आलो की,” ती म्हणाली.

आणि आली. थोडी पुढं वाकून, सावकाश, दोन्ही हात पाठीमागं तसेच गुंफून.