सैतानाचा दरवाजा

मी चर्चचा उत्तरेकडचा दरवाजा बोलतोय. इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या आमच्या गावात मला सैतानाचा दरवाजा म्हणतात. दचकू नका, मी ओकच्या लाकडाचा साधासुधा दरवाजा आहे.

माझ्या डोक्यावरची दगडी कमान अर्धगोल, जुन्या घडणीची. समोरचा दक्षिणेचा दरवाजा पुढे नव्याने बांधला. त्याची कमान टोकदार, म्हणून स्वारी जरा तोऱ्यात असते.

पूर्वी बाळाच्या बाप्तिस्म्याला मला उघडत. त्याच्या अंगातला सैतान माझ्यातून पळतो, अशी समजूत. पुढे धर्माच्या रीती बदलल्या, भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली आणि मला खिळे ठोकले.

माझ्या बाजूला कुणी आपलं माणूस पुरतही नसे. सगळी थडगी दक्षिणेला. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या माती चढत गेली आणि चर्चमध्ये यायला पायऱ्या उतराव्या लागू लागल्या. माझ्याकडची जमीन होती तशीच राहिली. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

गेल्या वर्षी हेस्टर पार्जेटर पडली आणि चाकांच्या खुर्चीवर आली. जन्मभर इथली घंटा वाजवलेली ही बाई. ईस्टरला तिच्या नातीचा बाप्तिस्मा ठरला आणि पायऱ्या आडव्या आल्या. चर्चची देखभाल करणारा अँब्रोज तिचा शाळासोबती. तो म्हणाला, "आम्ही चौघं उचलून नेतो की तुला."

"मी काय शवपेटी आहे? मेल्यावर न्या उचलून. आत्ता मी माझी मी जाणार."

ती तणतणत खुर्ची फिरवून मागे आली आणि माझ्यासमोर थबकली. "अरे अँब्रोज, इथे तर एकही पायरी नाही!"

"अगं, तो सैतानाचा दरवाजा!"

"मग तो कधीच गेला असेल ना बाहेर? आता मला येऊ दे आत."

मागोमाग आलेल्या आमच्या चर्चच्या पाद्रीबाईंना हसू आवरेना. त्यांनी मला उघडायची परवानगी वरिष्ठांकडे मागितली.

परवानगी मिळेपर्यंत हिवाळा सरला. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी खिळे निघाले. मी कुरकुरलो, पण उघडलो!

ईस्टरला हेस्टर स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत माझ्यातून आत गेली, थेट बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. तिथे नातीला तिच्या मांडीवर दिलं. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

सगळं आटोपल्यावर अँब्रोज मला कायमचा बंद करायला आला.

"खबरदार!" हेस्टर म्हणाली. "पुढच्या रविवारी मी येणार आहे."

तेव्हापासून मी दर रविवारी उघडतो. इकडे आलात तर जरूर या, पण मागच्या बाजूने. पुढे पायऱ्या आहेत.