कोवळ्या उन्हाची कबुली

आमच्या पाड्यावर ग्रामसभेला दहा माणसं जमवायची तर सरपंचाच्या नाकी नऊ येतात. पण २०१७ च्या जानेवारीतल्या त्या रविवारी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. तलासरीहून जीप भरभरून बायका आल्या होत्या, विवळवेढ्याकडून रिक्षा आल्या होत्या, आणि नारळ फोडायलासुद्धा रांग लागली होती. रांगेतल्या बहुतेक बायका गरोदर होत्या. प्रत्येकीच्या पोटावर एक पिवळं फडकं बांधलेलं होतं.

समोर मंडप होता. मंडपाला छत, छताखाली छत्री, छत्रीखाली सावलीमाता, आणि सावलीमातेच्या डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हाचा एक ठिपकासुद्धा त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून चिमण नावाचा त्यांचा चेला सारखा पडदे सरकवत होता.

"लेकींनो, सूर्य म्हणजे काय?" मातेने माइकवर फुंकर मारली. "सूर्य म्हणजे रेडिएशन! पहिलटकरणीच्या नाभीतून किरण आत जातो आणि बाळाला करपवतो. एक किरण, एक डाग. दोन किरण, अर्धं अंग! शास्त्रज्ञांना हे आत्ता कुठे कळायला लागलंय. आमच्या गुरूंनी गुहेत बसून कधीच शोधलं होतं."

गुहेत बसून सूर्य कसा तपासला, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मला सुचलं, पण माइक मातेकडे होता.

मी निलम, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीनंतर ही बाई गावात आली तेव्हापासून मी लांबूनच नाक मुरडत होते. पण लोकांना वेड लागण्यासारखं त्या फडक्यात काहीतरी होतं, हे मान्य करायला हवं. माता ते फडकं, तिच्या भाषेत 'पट', बांधायची आणि बाईला घरी पाठवायची. पुढे ना मंत्र, ना अंगारा. "माझा हातसुद्धा लागणार नाही," ती म्हणायची, "तू तुझ्या घरी, मी इथे. ऊन अंगावर घेतलंस की पट आपोआप लाल होईल." आणि खरोखरच घरोघरी फडकी लाल होत होती. मग त्या बाईने रविवारी सगळ्यांसमोर कबुली द्यायची, कुठे आणि कशी उन्हात गेले ते सांगायचं, कोंबडी आणि नारळ ठेवायचा. माता फडकं तीर्थात बुडवायची आणि लाल डाग डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा व्हायचा. सूर्याने माफ केलं म्हणे!

ठेकेदाराची सून प्रगती, तिचं फडकं मात्र कधीच लाल झालं नाही. तिला पहिल्या रांगेत खुर्ची होती.

त्या रविवारी मी गेले ती माझ्या शेजारच्या शितलसाठी. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. महिनाभर तिला मागच्या खोलीत, खिडकीला गोणपाट लावून ठेवलं होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाई तपासणीला बोलावून थकल्या. "रस्त्याला ऊन हाय," एवढंच उत्तर तिची सासू जिवली द्यायची. उन्हाला बंदी होती, कामाला नव्हती. घरच्या सगळ्यांचे कपडे त्या अंधाऱ्या मोरीत शितलच धूत होती. आणि तरी तिचं फडकं लाल झालं होतं.

चिमणने तिचं नाव पुकारलं. शितल पुढे आली ती मान खाली घालून. पोटावरचं फडकं ती दोन्ही हातांनी झाकत होती. जिवलीने तिचे हात बाजूला केले. "दाखव ना! आता कशाला लपवतं?"

डाग पाहून बायका हळहळल्या. वीतभर होता, कुंकवासारखा लालभडक.

"महिनाभर घरात होतीस ना?" मातेने विचारलं.

"हो."

"मग सूर्य काय घरात आला?"

लोक हसले. शितलची मान आणखी खाली गेली.

"थंडी वाजत होती," ती इतकं हळू म्हणाली की चिमणने माइक तिच्या तोंडाला लावला, आणि पुढचे शब्द साऱ्या मैदानाला ऐकू गेले. "खोलीत फार गार लागायचा. पहाटे अंग कापत होता. मग मी मागल्या दारात उभी राहिली. कोवळ्या उन्हात. थोडाच वेळ."

"कोणाबरोबर?"

हा प्रश्न मातेने अगदी गोड आवाजात विचारला. शितलने वर पाहिलं, आपल्या नवऱ्याकडे, रूपेशकडे. तो बांबूला टेकून उभा होता. कंपनीत जाणारा, हातात चांगला मोबाइल असलेला पोरगा. तो पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

"एकटीच होती," शितल म्हणाली.

"एकटीला एवढा डाग पडत नाही. चोरून गेलेलीला पडतो." मातेने चष्मा सारखा केला. "पट खोटं बोलत नाही. आणखी काय लपवलंस ते सांग. नाहीतर बाळ करपलेलं येईल, आणि ते बघून तुझी सासू तुला घरात ठेवेल का?"

"नाय ठेवनार," जिवली मोठ्याने म्हणाली. रडत म्हणाली, पण म्हणाली. "सोडून येन माहेरी."

मी तिथे उभी होते आणि मला लाज वाटत होती. एका पोरीला थंडी वाजली म्हणून ती उन्हात उभी राहिली, याची आम्ही शे-दोनशे माणसं चवीने चौकशी करत होतो. मीसुद्धा त्यातलीच एक, हाताची घडी घालून.

शितल आता हुंदके देत होती. "अजून एक केला मी," ती म्हणाली. "डाग कोनी बघू नये म्हनून मी धुतला. साबन लावला. तर जास्तच लाल झाला. जेवढा घासला तेवढा वाढला."

"पाहिलंत?" माता ताडकन उठून उभी राहिली. "पाप साबणाने धुतलं जात नाही! सूर्य कोपला!"

बायकांनी कानाला हात लावले. आणि माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला.

मी माणसं ढकलत पुढे गेले. मंडपामागे प्रसादाची पातेली घासायला ठेवलेली कपड्याच्या साबणाची वडी होती, ती उचलली. चिमण आडवा आला. "बाई, इथे सोवळं आहे."

"मी अंघोळ करून आलेय. सरक."

माइक त्याच्या हातातून घेतला आणि बायकांकडे वळले. "एक साधी गोष्ट सांगा मला. घरातल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला. तुम्ही साबण लावला. डागाचा रंग काय होतो?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर मला स्पष्ट दिसत होतं. आयुष्यभर ज्यांनी घरादाराचे कपडे धुतले त्यांना हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

"जिवलीमावशी, तुम्ही सांगा."

जिवलीचे ओठ हलले. पदर तोंडाशी गेला. मग ती म्हणाली, "लाल होतो."

"कशामुळे?"

"हळदीमुळे." आणि आपल्याच तोंडून निघालेला शब्द ऐकून तिने शितलच्या फडक्याकडे पाहिलं.

माता काहीतरी ओरडत होती. मी तिच्या खांद्यावरच्या, फडक्यांसारख्याच पिवळ्या उपरण्याचं टोक धरलं, पिण्याच्या पाण्यात बुडवलं आणि साबणाची वडी दोनदा घासली. पिवळं उपरणं लालभडक झालं. मी ते उंच धरलं.

"अगो बाय," मागून एक म्हातारी ओरडली, "मातेलाच ऊन लागला! छत्रीखाली बसून!"

आधी कोणीतरी एक हसलं, मग बरेच हसले. मी चौरंगावरचं एक लिंबू कापलं आणि त्याच लाल टोकावर पिळलं. ते पुन्हा पिवळं झालं. तीर्थाच्या घंगाळात बोट बुडवून चाखलं. आंबट! लिंबाचं पाणी, वर चंदनाचं अत्तर.

"हा सगळा चमत्कार एवढाच आहे," मी म्हटलं. "फडकं हळदीत रंगवलेलं आहे. साबण, सोडा, चुना लागला की हळद लाल होते. लिंबू, चिंच असं आंबट लागलं की परत पिवळी होते. जी बाई कपडे धुते तिचं पोट साबणाच्या पाण्याने भिजतं, म्हणून तिचं फडकं लाल. प्रगतीच्या घरी कामाला बाई आहे, म्हणून तिचं पिवळं. हे फडकं ऊन ओळखत नाही. कोण राबतंय तेवढं ओळखतं."

प्रगती खुर्चीतून उठली आणि मागे जाऊन उभी राहिली.

"आणि उन्हाने हळदीचं काय होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. डागाचा कपडा उन्हात टाकला की डाग उडतो. खरंच कोणी उन्हात फिरली असती, तर तिचं फडकं फिकं पडलं असतं. लाल नाही."

"हा श्रद्धेचा विषय आहे!" माता म्हणाली. पण तोवर बायकांनी आपापली फडकी सोडायला सुरुवात केली होती. एकीने स्वतःच साबण मागून घेतला. वडी हातोहात फिरली आणि मैदानभर पिवळ्याचं लाल होत गेलं. या गडबडीत चिमणने जीप चालू केली. मातेला त्या दिवशी भर उन्हातून पळत जावं लागलं आणि तिला काहीही झालं नाही. पोलिसांत तक्रार आम्ही दुसऱ्या दिवशी दिलीच.

मी शितलजवळ गेले. "सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ अंगावर घेतल्याने बाळ करपत नाही. भर दुपारी राबायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, गरगरलं तर सावलीत बसायचं. एवढंच. आणि उद्या तपासणीला जायचं. तू काही चुकीचं केलं नाहीस."

"चल पोरी घरी," जिवली म्हणाली. तिला शितलच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शितल हलली नाही. तिने डोळे पुसले आणि माझ्या हातातला माइक घेतला.

"रूपेश," ती म्हणाली, "मी कोनाबरोबर होती ते तू सांग."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. तो पुढे आला आणि माइकशिवायच बोलला, पण ऐकायला कोणाला कष्ट पडले नाहीत.

"एकटी होती. मी बघितला. तिला थंडी वाजत होती म्हनून मीच सांगितला, जरा उन्हात उभी राहा."

"मग बोलला का नाय रे?" जिवलीने विचारलं.

पण साबणाने हळद लाल होते हे जिवलीसुद्धा मघापर्यंत बोलली नव्हती. शितल दोघांना तिथेच ठेवून एकटी घराकडे चालू लागली, आणि तिच्या मागे जायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

वाचकहो, ही गोष्ट वाचून सावलीमातेला हसणं सोपं आहे. पण त्या मैदानात नवीन असं काहीच कोणाला शिकावं लागलं नाही. हळदीला साबण लागला की काय होतं हे प्रत्येक बाईला माहीत होतं. शितल निर्दोष आहे हे तिच्या नवऱ्याला माहीत होतं. तरी एका पोरीला सगळ्यांसमोर रडावं लागलं. म्हणून विनंती एकच: कोणी चमत्कार दाखवला तर ती वस्तू कशाची आहे ते विचारा, घरी जाऊन स्वतः करून बघा, आणि जे माहीत आहे ते गर्दीत उभं राहून मोठ्याने बोला, समोरची पोर मान खाली घालायच्या आधी.