कामापुरता हात

मित्रांनो, मी एक जुनी मूठ आहे. गिअरची. गाडीत पुढच्या दोन सीटांच्या मधोमध एक दांडा असतो ना, त्याच्या डोक्यावर बसलेली. सध्या माझा मुक्काम फरीदाबादला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीचा रिमोट आणि चष्म्याचं घर यांच्या मध्ये असतो. माझ्याखाली आता दांडा नाही, दांड्याखाली गाडी नाही. तरी रोज सकाळी अर्धा तास मी कामावर असते. ते कसं, हे सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल.

माझा जन्म मानेसरच्या एका शेडमध्ये झाला. काळं प्लास्टिक वितळवून साच्यात दाबायचं, गार झालं की बाहेर काढायचं. मिनिटाला चार मुठी. लाड वगैरे काही नव्हते. माझ्या डोक्यावर गिअरचा नकाशा कोरला. एक वर, दोन खाली, तीन वर, चार खाली, पाच वर आणि खालच्या कोपऱ्यात मागे जायचा. कोरलेल्या रेघांत पांढरा रंग भरला आणि एका छोट्या पांढऱ्या गाडीत मला आट्यांवर फिरवून घट्ट बसवलं.

२००६ च्या डिसेंबरात ती गाडी उल्हासरावांनी घेतली. विनयाताईंनी बॉनेटला हार घातला, चाकांना पाणी घातलं आणि उरलेलं कुंकू वाया कशाला घालवायचं म्हणून मला लावलं. माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मी ते जपून ठेवलंय.

उल्हासराव ट्रॅक्टरचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. यंत्र माप सांगायचं, पण मापात बसलेल्या गिअरच्या दात्याला कुठे केसाएवढी खरखर राहिली असेल तर ती उल्हासरावांच्या डाव्या अंगठ्याला कळायची. उजव्या हातात पेन, डाव्या हातात गिअर, अशी त्यांची एकतीस वर्षं गेली. मी माणसं तळहातावरून ओळखते. असा तळहात मला दुसरा भेटला नाही.

शेजारच्या सीटवर रोज श्यामराव असायचे. त्याच कारखान्यात स्टोअर्समध्ये, त्याच सोसायटीत एक मजला खाली. पहिल्याच दिवशी त्यांनी गप्पांच्या भरात माझ्यावर हात टेकला.

"हात काढ, श्याम."

"का? चावते का?"

"खाली दाते आहेत. उगाच भार पडला की आतून झिजतं. गिअरला कामापुरता हात लावायचा."

"वहिनींनाही हेच सांगता वाटतं," श्यामराव म्हणाले आणि हात काढला. पुढे तेरा वर्षं ते दर सोमवारी मुद्दाम हात टेकायचे आणि उल्हासराव दर सोमवारी मुद्दाम तेच सांगायचे. स्वतः उल्हासरावांनी मात्र माझ्यावर एक क्षणही हात विसावला नाही. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटायचं.

मधली तीन वर्षं अंधारात गेली. उल्हासरावांच्या मुलीनं, तनयानं, वाढदिवसाला मला चमकीचं कव्हर आणलं होतं. मित्रांनो, प्रेमानं दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही. ते आपोआप फाटेपर्यंत थांबावं लागतं.

मग २०२१ साल आलं. एप्रिलमध्ये श्यामरावांना कोरोना झाला आणि आमची गाडी अकरा दिवसांत नऊ वेळा बाहेर पडली. त्या महिन्यात दिल्लीच्या बाजूला गाड्या कशासाठी बाहेर पडत होत्या, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. दहाव्यांदा पडायची गरज राहिली नाही. "गर्दी ओसरू दे, मग घेऊ" म्हणत श्यामरावांनी लसीसाठी एकोणतीस तारखेचा नंबर लावला होता. ते चोवीसला गेले. एकोणतीसला सकाळी त्यांच्या फोनवर मेसेज आला, आज आपली लस आहे, आधार कार्ड आणा, भरपूर पाणी प्या. त्यांच्या बायकोनं, सुहासिनीताईंनी, तो उल्हासरावांना दाखवला. उल्हासरावांनी वाचला आणि परत दिला.

जुलैत उल्हासराव आणि विनयाताईंचा दुसरा डोस झाला. त्या दिवसांत सोसायटीच्या गेटवर साइड इफेक्टची चढाओढ चालायची. "मला एकशे एक." "बस? मला एकशे तीन, दोन रजया घेतल्या यार!" ज्याला काहीच झालं नाही तो बिचारा तोंड लपवून हिंडायचा, आपल्याला नुसतं पाणी टोचलं की काय अशा शंकेत. विनयाताईंना एक दिवस ताप आला, उल्हासरावांना दीड. सगळं रीतसर.

नवव्या दिवशी उल्हासराव गाडीत बसले, हात माझ्यावर ठेवला आणि खाली वाकून पाहिलं. पंधरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. हात माझ्यावर पोचला आहे की नाही, ते त्यांना बघून ठरवावं लागत होतं. मला तर लगेच कळलं. हात तोच, ऊबही तीच, पण त्या हाताच्या मागे कोणी नव्हतं.

ते लसीच्या केंद्रावर सांगायला गेले. परत येऊन विनयाताईंना सांगितलं ते असं:

"टेबलावरच्या माणसाने विचारलं, बुखार है? म्हटलं, नहीं. दर्द? नहीं. कुछ महसूस ही नहीं होता. तर म्हणाला, तो अच्छा है ना अंकल. नेक्स्ट."

"लिहून तरी घेतलं का?"

"त्याच्या कागदावर ताप होता, दुखणं होतं, पुरळ होतं. काहीच न वाटण्याला चौकोन नव्हता."

तनयाला फोनवर सांगितलं. ती गुडगावच्या कंपनीत, वाढलेली सगळी इकडेच. "बाबा, मुंग्या येतात म्हणजे? चींटियाँ? हातात?"

"आधी आल्या होत्या. आता त्याही गेल्या," उल्हासराव म्हणाले.

दिल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, आणि तेव्हाच एक व्यवस्था निघाली. मित्रांनो, ही तुम्ही करू नका. मी स्वतः तिच्या बाजूची नव्हते, पण मला कोण विचारतो? क्लच आणि स्टिअरिंग उल्हासरावांकडे, मी विनयाताईंकडे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पिठलं घोटावं तसं त्या मला घोटायच्या.

"तिसरा."

"कुठेय तिसरा?"

"मधे आण आणि वर. वर, अगं वर!"

"ओरडू नका, मी काय रोज टाकते का तिसरा?"

बदरपूरला पोलिसानं हात दाखवून थांबवलं. आत वाकून त्यानं एकदा उल्हासरावांकडे पाहिलं, एकदा माझ्यावरच्या बांगड्यांच्या हाताकडे. "गाड़ी चला कौन रहा है?"

"दोनों," विनयाताई म्हणाल्या.

"अंकलजी, घर से एक तय करके निकला करो," तो म्हणाला आणि मागच्या ट्रककडे गेला.

डॉक्टरकडे एकट्यालाच आत सोडत होते. विनयाताई गाडीत थांबल्या, पदराच्या टोकानं मला पुसत राहिल्या. तासाभराने उल्हासराव आले.

"काय म्हणाले?"

"मज्जातंतूला सूज असावी. लसीमुळे असेल, नसेलही. नक्की सांगता येत नाही. फार थोड्यांना असं होतं, बहुतेकांचं भरून येतं. वर्ष, दोन वर्षं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हणालो."

त्याच आठवड्यात पुण्याहून विनयाताईंच्या भावाचा, प्रसन्नचा, फोन आला. स्पीकरवर होता. लस म्हणजे मोठं कारस्थान आहे असं त्याला फार आधीपासून वाटत होतं. आता त्याला माणूस मिळाला होता. "भावोजी, तुम्ही जिवंत पुरावा आहात! दोन मिनिटांचा व्हिडिओ करा. हात दाखवा फक्त. आमच्या ग्रुपवर शहाण्णव लोक आहेत."

"प्रसन्न, मी श्यामलाही ओळखत होतो," उल्हासराव म्हणाले.

मग प्रसन्नने पाऊसपाण्याची चौकशी केली.

सप्टेंबरात सुहासिनीताई लस घ्यायला तयार झाल्या. पाच महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. एक डोसही झाला नव्हता. विनयाताईंनी रोज एक मजला उतरून त्यांना तयार केलं होतं. निघण्यापूर्वी गाडीत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आज तुम्हीच टाका गिअर. तिला काही दिसता कामा नये. हात बघितला तर ती परत वर जाईल, आणि पुन्हा खाली येणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"कशाला विचारेल? खिशात ठेवा."

"गिअर टाकायचा आणि हात खिशात ठेवायचा?"

"अहो, बघा ना काहीतरी!"

सुहासिनीताई मागे बसल्या. उल्हासराव वाकून, बघून मला हलवू लागले. बडखल मोडच्या चौकात पहिल्याच्या जागी तिसरा पडला. गाडी आचका देऊन बंद. मागून हॉर्न. पुन्हा चालू केली, पुन्हा तिसरा, पुन्हा बंद.

"भाऊजी, काय झालंय हाताला?"

"काही नाही गं," विनयाताई म्हणाल्या. "गाडी जुनी झालीय, गिअर अडकतात."

मित्रांनो, पंधरा वर्षांत माझ्यावर आलेला हा पहिला आळ. बोलता आलं असतं तर मी बोलले असते. पण उल्हासरावच बोलले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गिअरमधली खोट शोधली होती. नसलेली खोट गिअरवर ढकलणं त्यांना जमलं नसावं. त्यांनी विनयाताईंना पहिला टाकायला सांगितला, गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मागे न वळता म्हणाले,

"वहिनी, गिअर ठीक आहेत. माझा डावा हात गेलाय. दुसऱ्या डोसनंतर नवव्या दिवशी. लसीने झालं का, डॉक्टरला सांगता येत नाही. मला वाटतं, झालं. तरी लस घ्यावी का असं विचारलंत तर म्हणेन, घ्या. दोन्ही मीच सांगतोय. एक सांगायचं म्हणून दुसरं लपवणार नाही."

विनयाताईंचा हात माझ्यावर होता. घामाने भिजला होता. बाहेरून एक ई-रिक्षा गेली, तिचं गाणं गेलं. उल्हासरावांनी गाडी परत घराकडे वळवायच्या तयारीनं किल्लीला हात घातला.

"इंजेक्शन कुठल्या हातात दिलं होतं?" सुहासिनीताईंनी विचारलं.

"डाव्या."

"मी डावखुरी आहे. मी उजव्यात घेईन." मग जरा थांबून, "आणि विनया, गिअर तूच टाक. भाऊजींच्या वेगानं गेलो तर केंद्र बंद होईल."

लस घेऊन येताना त्या मागून पुढे वाकल्या आणि उल्हासरावांच्या डाव्या दंडाला हात लावला. आजवर कोणी लावला नव्हता. सगळ्यांनी नुसतं विचारलं होतं.

"चिमटा काढते. कळलं की सांगा."

"काढा."

गाडी बरीच पुढे गेली.

"काढताय ना?" उल्हासरावांनी विचारलं.

"केव्हाचा काढून झाला."

आधी विनयाताई हसल्या. मग मागून हसू आलं. उल्हासराव हसताना क्लच सोडून बसले आणि गाडी पुन्हा बंद पडली. एप्रिलनंतर त्या गाडीत कोणी हसलं ते तेव्हा. दुसऱ्या दिवशी सुहासिनीताईंचा निरोप आला: ताप एकशे एक, दोन्ही हात जागेवर.

डिसेंबरात गाडीला पंधरा वर्षं झाली. आमच्या इकडे कायद्यानं पेट्रोलच्या गाडीचं वय तेवढंच. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी उल्हासराव खाली आले, उजव्या हातानं मला उलटं फिरवून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. गाडी गेली तेव्हा मी खिशात होते. काही दिसलं नाही, आवाज तेवढा आला.

आता माझं काम सांगते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हातात धरायला स्पंजचा चेंडू दिला होता. उल्हासरावांनी तो ठेवून दिला आणि मला घेतलं. रोज सकाळी ते डोळे मिटतात, विनयाताई त्यांच्या डाव्या तळव्यावर मला कशीही फिरवून ठेवतात आणि अंगठा एका आकड्यावर नेतात.

"कितवा?"

"तिसरा."

सहा महिने रोज तिसरा. ठोकून द्यायचे. कधीमधी बरोबर यायचं, तेव्हा दोघंही त्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. वर्ष गेलं. विनयाताई विचारायच्या, ते तिसरा म्हणायचे, चहा यायचा.

एका सकाळी विनयाताई पोळ्या टाकून घाईनं आल्या, मला उल्हासरावांच्या हातावर ठेवलं, अंगठा नेला.

"कितवा?"

अंगठा हलला. परत हलला.

"अहो, कितवा?"

"ते राहू दे. आधी पुसून आण," डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले. "तुझ्या हाताचं तूप लागलंय."

मित्रांनो, लागलं होतं. मी साक्ष आहे. विनयाताईंनी मला पुसलं, पण लगेच परत आणलं नाही. बराच वेळ पुसत राहिल्या.

आज अंगठा आणि शेजारची दोन बोटं परत आली आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून आलेलं नाही. येईल, न येईल.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. गाडीत बसलात तर गिअरवर उगाच हात टेकू नका. आतले दाते झिजतात, आणि झिजताना ते आवाज करत नाहीत. आणि कोणी म्हणालं, मला काही वाटत नाही, तर त्याला ताप किती विचारून पुढच्याला हाक मारू नका. त्याचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा.

संध्याकाळी बातम्या लागल्या की उल्हासराव मला उचलतात. व्यायाम नाही, आकडा नाही. नुसता हात ठेवून बसतात, बातम्या संपेपर्यंत. विनयाताईंनी एकदा आठवण करून दिली, "कामापुरता हात म्हणायचात ना?"

"आता खाली दाते नाहीत," ते म्हणाले आणि हात तिथेच राहू दिला.