टाकून द्यायचे पाणी

अन्न देणाऱ्याच्याच हातून अपाय घडला, तर त्याचे प्रायश्चित्त कोणते, या प्रश्नाचे उत्तर जुन्या जाणत्यांनीही जपूनच दिले आहे. मन हेतू पाहून क्षमा करू शकते. शरीराला हेतू कळत नाही. त्याला पदार्थ तेवढा कळतो. आणि ज्या शरीराची मूत्रपिंडे जन्मापासूनच अधू आहेत, ते तर मायेच्या घासालाही सवलत देत नाही.

"खरं सांग, शाळेत कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?" आईने तिसऱ्यांदा विचारले.

रुग्णालयाच्या खाटेवरची ती मुलगी नऊ वर्षांची होती. परंतु अंगलट सहा वर्षांच्या मुलीची, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. तिच्या छातीला तारा चिकटवल्या होत्या आणि उशाशी एका पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. सकाळी शाळेच्या जिन्यात तिच्या पायांतले बळ गेले आणि ती दुसऱ्याच पायरीवर बसून राहिली. इथे आणून रक्त तपासले, तेव्हा त्यातले पोटॅशियम इतके चढलेले निघाले की हृदयाची लय बिघडू लागली होती. शिरेतून औषधे गेली, रेघ काहीशी सावरली. "तासभर उशीर झाला असता तर..." एवढे बोलून डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडले होते.

खाटेच्या पायथ्याशी आत्या उभी होती. मुंगीच्या वडिलांची ही थोरली बहीण. मुलींच्या एका वसतिगृहाच्या भटारखान्यात तिने एकतीस वर्षे मुख्य स्वयंपाकीण म्हणून काढली. दीडशे पानांचा स्वयंपाक तिच्या हाताखालून जाई, आणि चव बिघडली अशी तक्रार कधी आली नाही. निवृत्त झाली तेव्हा भाऊ दूरच्या बंदरावर नोकरीला आणि भावजय शिलाईच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. तेव्हा मुंगीचे खाणेपिणे ओघानेच तिच्याकडे आले. स्वतःचे मूलबाळ नसलेल्या त्या बाईला आयुष्यात प्रथमच एकाच जिवासाठी चूल पेटवायची होती.

पण तो स्वयंपाक तिला उमजेना. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला होता. मीठ नाममात्र. प्रथिने मापात. बटाटा, गाजर, भोपळा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात दोनदा उकळायचे आणि ते पाणी टाकून द्यायचे. वर तेल, लोणी, साखर सढळ घालायची. कारण ताकद पोटात गेली नाही, तर मूल वाढत नाही. आत्याने कागद भिंतीला चिकटवला आणि अक्षरशः पाळला. मुंगी मात्र दोन घास घेई आणि तोंड फिरवी.

"आत्या, खिळा चोखल्यासारखं लागतं गं."

"अगं, लोणी घातलंय चांगलं."

"मग लोण्यात बुडवलेला खिळा."

अकरा महिन्यांत काटा पावशेरानेही हलला नव्हता. शाळेच्या गणवेशाला गेल्या वर्षी दुमडलेली पट्टी तशीच दुमडलेली राहिली. ती पट्टी उसवायला मिळावी, एवढेच आत्याचे मागणे होते.

आणि रोज ते पाणी. पिवळसर, वाफाळते, भाजीचा सगळा वास अंगी घेतलेले पाणी मोरीत ओतताना तिचा हात जड होई. भटारखान्यात तिला घडवणाऱ्या म्हाताऱ्या आचाऱ्याचे एक वाक्य तिच्या हाडीमासी खिळले होते: भाजी वाया गेली तरी चालेल, पाणी जाऊ द्यायचे नाही, कस त्यातच उतरतो. तापाने फणफणलेल्या कितीतरी मुली तिने त्याच पाण्याच्या कढणावर उठवल्या होत्या. शेवटी एके दिवशी मोरीपाशी गेलेले पातेले तिने माघारी आणले. पाणी आटवले, त्यात लोणी सोडले, मिरपूड भुरभुरली आणि पेला मुंगीपुढे धरला.

मुंगीने तो एका दमात रिता केला. ओठांवरून जीभ फिरवून ती म्हणाली, "अजून आहे?"

हा प्रश्न त्या घरात वर्षभर कुणी ऐकला नव्हता. आत्याने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "हे आपलं दोघींचं हं. आईच्या कानावर नको."

त्याला आज तीन आठवडे झाले होते.

आहारतज्ज्ञ बाई आल्या. वयाने तरुण, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी शांतपणे एकेक विचारायला आरंभ केला. "फळांचा रस? सुकामेवा? कमी सोडियमचं म्हणून मिळतं, ते मीठ?"

"नाही हो बाई," मुंगीची आई म्हणाली. "तुमच्या कागदाबाहेरचं काही येतच नाही आमच्या घरात."

"आणि भाज्या दोनदा उकळता ना? पाणी टाकता? बरंचसं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं, म्हणून विचारते."

"पाण्यात उतरतं?" आत्याच्या तोंडून शब्द निसटले.

"हो, पाण्यातच. म्हणून तर टाकायचं." बाई मुंगीकडे वळल्या. "बाळा, तू काही खाल्लंस का बाहेर? कुणी रागावणार नाही."

मुंगीने एकवार आत्याकडे पाहिले. मग छताकडे पाहत ती म्हणाली, "केळी खाल्ली. दोन. मधल्या सुट्टीत."

आईचा हात वर गेला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळला. "जिभेचे चोचले! आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि ही बया केळी खातेय! तुला कळतंय का काय झालं असतं ते?"

मुंगीने डोळे मिटून घेतले. आत्या तिच्याकडे पाहतच राहिली. केळ्याच्या नुसत्या वासाने या पोरीला उमासे येतात, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? आता गप्प राहिले, तर रागाचा हा लोट ओसरेल आणि स्वयंपाकघर आपल्याकडेच राहील. बोलले, तर ते जाईल. ते गेल्यावर आपण या घरात कोण, हा प्रश्नही त्याच क्षणी तिच्यापुढे उभा राहिला. परंतु आपल्यासाठी खोटे बोलणाऱ्या त्या मिटलेल्या पापण्या तिला पाहवेनात.

"तिनं केळी खाल्ली नाहीत," आत्या म्हणाली. "मी पाजलं. ते पाणी."

मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "किती?"

"एवढा पेला." आत्याने दोन्ही हातांनी माप दाखवले. "सकाळ-संध्याकाळ. एकवीस दिवस. मला वाटलं, कस त्यातच असतो."

"कस त्यातच असतो, आजी. तोच हिला सोसत नाही." बाईंनी लिहून घेतले आणि लेखणी खाली ठेवली. "यात माझंही चुकलं. टाका म्हणाले, का टाकायचं ते सांगितलं नाही."

"सांगितलं असतंत तरी ऐकलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तीस वर्षांची खोड आहे."

मुंगीची आई भिंतीला टेकली होती. तिचा आवाज चढला नाही. "वन्सं, मी पोरीला मारायला हात उगारला होता. तुमच्यासमोर." मग ती म्हणाली, "तुमच्या हातचं तिला आता नको."

आत्याने मान डोलावली. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि दोन दिवस तिथेच बसून राहिली.

त्या दोन दिवसांत आईने पाळी बुडवून कागदाबरहुकूम सगळे रांधून आणले. मुंगीने दोन घास घेतले आणि भिंतीकडे तोंड केले. वजनाचा काटा आणखी खाली आला. तेव्हा डॉक्टरांनी दोघींनाही आत बोलावले.

"नाकातून पोटात बारीक नळी घालू. अन्न त्यातून देऊ."

"म्हणजे ती तोंडानं कधीच खाणार नाही?" आईने विचारले.

"खाईल की, आवडेल तेवढं. जबरदस्ती नको. बाकीचं नळीतून जाईल. वाढीचं वय थांबत नाही, बाई." ते पुढे म्हणाले, "मूत्रपिंडं बरी होणार नाहीत, हेही सांगतो. वर्षा-दोन वर्षांत यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागेल. तोवर अंगात थोडी ताकद साठलेली असली, तर ती ते सोसेल."

नळी घालताना मुंगी रडली. मग आरशात पाहून नाक ओढत म्हणाली, "मुंगीचा हत्ती झाला." कुणी हसले नाही, म्हणून ती स्वतःच थोडी हसली.

नर्सने शिकवायला घेतले. आधी पिचकारीने पोटातला थेंब ओढायचा, कागदाच्या पट्टीवर टाकायचा. रंग पालटला की नळी ठिकाणावर आहे असे समजायचे. मग पिचकारी उंच धरून अन्न आपल्या ओढीने उतरू द्यायचे. रेटायचे नाही. आईने प्रयत्न केला. दिवसभर यंत्राच्या सुईखाली कापड सरकवणारी तिची बोटे सवयीने पिचकारी रेटू लागली. पांढरा द्रव चादरीवर सांडला. दुसऱ्यांदाही सांडला. तिसऱ्यांदा तिने पिचकारी हाती घेतलीच नाही. दारात उभ्या असलेल्या आत्याकडे न पाहताच ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही धरा."

आत्या आत आली. तिने हात कोपरापर्यंत धुतले. थेंब ओढला, पट्टी उजेडात धरून रंग पाहिला, नर्सला दाखवला आणि तिने होकार देईपर्यंत थांबली. मग डब्यावरचे माप मोठ्याने वाचले, पुन्हा एकदा वाचले, आणि पिचकारी उचलली. तिचा हात हलला नाही.

वास नसलेले, वाफ नसलेले ते अन्न रेषेरेषेने खाली उतरू लागले. भावजय शेजारी बसली होती. दोघींचे खांदे एकमेकींना लागत नव्हते, पण अंतर वीतभरच होते.

"आत्या," मुंगीने विचारले, "आज काय केलंयस?"

"आज काही केलं नाही गं. डब्यावर लिहिलंय तेवढं कालवलंय. मी नुसतं धरलंय."

"मग धरून ठेव," मुंगी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पिचकारी रिती होईपर्यंत आत्या उभी होती. ज्यांना मोजून द्यावे लागते, त्यांचे हात स्थिर राहोत. ज्यांना मोजून घ्यावे लागते, त्यांना नीज लाभो. आणि त्या वीतभर अंतराला, कालांतराने का होईना, शांती मिळो.