पिटुनियाचे दहा ट्रे

या, जरा पुढे सरकून बसा. देवाचं चरित्र तर आपण रोजच ऐकतो, आज त्याच्या एका लेकराचं ऐका. ऐकवत नाही म्हणून मध्येच उठू मात्र नका.

पहिला ट्रे भिंतीवर आपटला. दुसरा चिमूटबाईच्या खांद्यावर बसला.

“खोली पाहिजे महाराणीला? वेगळी?” टेम्पोवाला नवरा तिसरा ट्रे उचलत गरजला.

ती ज्या रोपवाटिकेत राबे तिथल्या मालकीणबाईंनी तिला शब्द दिला होता : पिटुनियाच्या फुलरोपांचे दहा ट्रे उभे करून दे, शेडमागची खोली तुझी नि लेकीची. हे टेम्पोवाल्याच्या कानावर गेलं होतं. त्याने दहाही ट्रे फोडले, मग तिला केसांना धरून त्याच मातीत लोळवलं. लेक दारामागे ओढणी तोंडात कोंबून उभी होती.

“माझी पाठ फोड हवी तर,” चिमूटबाई म्हणाली, “त्या रोपांना कशाला?”

त्याने पाठही फोडली.

मालकीणबाईंनी तिचा सुजलेला डोळा पाहिला आणि पुडी पुढे केली. “शेवटचं बी आहे हं. इथेच पेर की.”

“शेडचा पत्रा तापतो, बाई. घरामागच्या पडवीत बरं उगवतं.”

पिटुनियाचं बी म्हणजे निव्वळ धूळ. चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून ती ते नव्या दहा ट्रेंत पेरी. वर माती नाही, कारण त्याला उजेड लागतो. पाणीही वरून नाही; ट्रे परातीत ठेवायचा, तळातून ओल चढू द्यायची. हवा अशी दमट की वाळत घातलेली चोळी दोन दिवस ओली राही. अशा हवेत पाणी जरा जास्त झालं की रोपाची मान सडे. लेकीच्या आजारपणातही ती इतकी जागली नसेल.

आठव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले.

टेम्पोवाला आता गोगलगाय झाला होता. पडवीच्या फळ्या त्याने स्वतः ठोकल्या. “माझी चूक झाली गं. जाऊ नकोस. मी सुधारलोय, बघ तरी.”

“बघतेय,” ती म्हणाली. मनात मात्र दिवस मोजत होती.

बाराव्या दिवशी ती अर्धा दिवस शेडवर गेली. परतली तर पडवीत तो हसतमुख उभा, हातात झारी.

“पाणी घातलं सगळ्यांना. पोटभर! ऊन लागू नये म्हणून प्लास्टिकही घातलंय, सकाळपासून.”

तिने प्लास्टिक ओढलं. आतून गरम वाफ तोंडावर आली. दहाही ट्रेमधली रोपं आडवी पडली होती, दांडा मातीपाशी दोऱ्यासारखा बारीक झालेला.

“दमलीत. उद्या उठतील,” तो म्हणाला.

“नाही उठत. मान सडली की संपलं.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “फोडलेस तेव्हा बी तरी उरलं होतं रे.”

त्याचा चेहरा पालटला. “इतक्या मायेनं केलं, अन् वर तोंड करतेस?” झारी तिच्या कानशिलावर बसली. मग दंडावर. मग पुन्हा कानशिलावर. रक्त गळ्यात उतरलं. “आई!” म्हणत लेक मधे आली, तर तिलाही एक बसली.

तेव्हा चिमूटबाईने झारी धरली. कशी हिसकली कुणास ठाऊक. पण हिसकली, आणि वर उगारली. टेम्पोवाल्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं नि खाली बसला. एवढा दांडगा गडी, गुडघ्यांत तोंड घालून “नको, नको” करू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मारायची इच्छा नव्हती असं नाही. मग तिने झारी कुंपणापलीकडे भिरकावली, लेकीचं मनगट धरलं आणि बाहेर पडली.

शेडच्या दारात मालकीणबाई खताची पोती मोजत होत्या.

“अगं, हे काय! आणि रोपं?”

“रोपं मेली, बाई. आम्ही आलो.”

शेडमागच्या खोलीत रिकाम्या कुंड्यांचा ढीग होता. पदर खोचून मालकीणबाई आत शिरल्या आणि दोन-दोन करून कुंड्या बाहेर काढू लागल्या. तिसऱ्या खेपेला चिमूटबाईही वाकली, एका हाताने. दुसरा वर होत नव्हता.

आज देवापुढे हात जोडाल तेव्हा तिची आठवण असू द्या. तिच्यासाठी आणि त्या लेकीसाठी एक शब्द टाका. जमलं तर टेम्पोवाल्यासाठीही टाका. मला अजून जमलेलं नाही.