टिंबापुढचं शून्य

गोळी कापायच्या डबीचं पातं स्वच्छ होतं. तिनं डबी उजेडाकडे तिरकी धरली – एरवी पात्याच्या बुडाशी पांढरी भुकटी साचलेली असायची, रोज फुंकर मारून उडवावी लागायची... सोमवारपासून आपण फुंकर मारलेलीच नाही. आणि आज शुक्रवार.

सोमवारी तिची यादी सुरू झाली होती. वृद्धाश्रमाच्या या औषधखोलीत अकरा वर्षं हातानं याद्या लिहिल्यावर, पन्नाशीला टेकताना शिकलेल्या जावा या संगणकभाषेतला तिचा पहिला कामाचा प्रोग्रॅम – कुणाला कोणती गोळी, किती, हे एका फाइलीत ओळीनं लिहून देणारा. फक्त एक गोळी असली की १.० उमटायचं आणि ते शेपूट तिच्या डोळ्यांना खुपायचं. फोनवर लेक हसली होती. "अगं आई, टिंबापुढे किती आकडे ते सांगतेस ना, तिथे शून्य लिही. शेपूट गळून पडेल." पडलं. रकाने कसे विणलेल्या पट्टीसारखे सरळ... किती वेळ ती नुसती बघत बसली होती!

१.० चं १ झालं. आणि ०.५ चं?

तिनं भिंतीवरची यादी काढून हातात घेतली. खोली सात. बाई – शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी सगळ्यांची पत्रं तपासून देणाऱ्या बाई. हृदयाचे ठोके आवरायची गोळी, सकाळी १, संध्याकाळी १. अर्धी गोळी आश्रमात एकट्या त्यांनाच होती.

सिस्टर ट्रे न्यायला आली. "काय हो, तुमचं कापाकापीचं काम गेलं बघा. डॉक्टरांनी बाईंची अर्धी बंद केली वाटतं?"

"कशा आहेत बाई?"

"झोपल्यात. हल्ली छान झोपतात हो. आज चहालासुद्धा उठल्या नाहीत. म्हटलं, झोपू दे बिचारीला."

"ट्रे राहू दे. यादी बदलतेय."

"परत? बरं, तुमचं यंत्र, तुमचं राज्य." सिस्टर हसत गेली.

टिंबापुढच्या शून्याच्या जागी एक – एवढंच. आता प्रोग्रॅम चालवायचा. चालवला की जुन्या फाइलीत भर पडत नाही, ती आधी कोरी होते, मग नव्यानं लिहिली जाते; चुकीची ओळ मागे उरत नाही. लेकीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कोरी... हातातल्या कागदाला चार घड्या पडल्या होत्या. त्या कुणी घातल्या?

रोज सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी मी म्हणते, आज माझ्या हातून कुणाला इजा न होवो. एक दिवस चुकलेला नाही. सोमवारी म्हटलं, मंगळवारी म्हटलं – आणि इथे येऊन दोन्ही वेळच्या गोळ्या मोजून ट्रेमध्ये ठेवल्या.

डॉक्टर अकराला येतील. आपण सांगितलं नाही तर बाईंची नाडी धरून म्हणतील, वय झालं. कुणी काही विचारणार नाही. सांगितलं तर... घड्याळात साडेदहा. सात नंबरकडून खोकल्याचाही आवाज नाही.

बोट एंटरवर टेकलेलं होतं. रडू येईल असं तिला वाटत होतं, आलं नाही. आत कुणीतरी अगदी हळू आवाजात सांगत होतं, दाब, काही होत नाही... आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता – रोज पहाटे, पाय टेकवण्याआधी, तोच तर बोलतो.